होमब्रू क्लब बंद पडू नये म्हणून

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्यांचे क्लब कायद्याच्याही आधीचे आहेत. लॉस एंजेलिसचा माल्टोज फाल्कन्स १९७४ साली सुरू झाला. घरच्या बिअरला केंद्राची परवानगी देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली ती १४ ऑक्टोबर १९७८ रोजी, आणि तो लागू झाला फेब्रुवारी १९७९ पासून. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं तयार व्हायला २०१३ उजाडलं. आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी क्राफ्ट बिअरचे कर्ते आधी अशाच एखाद्या क्लबात बादली घेऊन येत होते.

आता ओहोटी आहे. सॅन फ्रान्सिस्कोची १८९६ पासूनची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये देशभरात जितक्या ब्रुअरी उघडल्या त्याहून जास्त बंद पडल्या. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक बार्ली) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) विकणारी गावोगावची दुकानं शटर ओढताहेत. पूर्वी चांगली बिअर प्यायची तर ती स्वतः बनवावी लागायची, आता ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. म्हणून नुसतं प्यायला जमणारा क्लब फार काळ चालत नाही. जिथे दर महिन्याला काहीतरी बनतं आणि त्याची स्पष्ट, प्रामाणिक चव घेतली जाते, तिथे लोक परत येतात. खालचं सगळं त्याच दिशेनं आहे.

हे अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी यातला चव ओळखण्याचा भाग तेवढा घ्यावा, भट्टीचा नको.

कायदा आणि जागा

केंद्राच्या कायद्यानुसार घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. विक्री अजिबात नाही. ग्लासामागे दोन डॉलर घेणं ही विक्रीच, मग डब्यावर ‘देणगी’ लिहिलेलं असलं तरी. वर्गणी वर्षाची घ्या, ग्लासाची नाही.

खरा घोळ राज्याच्या कायद्यात असतो. घरची बिअर घराबाहेर नेता येते का, परवाना असलेल्या जागेत ती उघडता येते का, हे राज्यागणिक बदलतं. बारच्या मागच्या खोलीत बैठक ठरवण्याआधी मालकाला त्याच्या परवान्याच्या अटी वाचायला सांगा. चूक झाली तर परवाना त्याचा जातो, आपला नाही. होमब्रूचं दुकान ही सगळ्यात सोपी जागा. ते नसेल तर सभासदांची घरं भिशीसारखी पाळीपाळीनं घ्या आणि वर्षाची यादी जानेवारीतच लावून टाका. जागा दर महिन्याला नव्यानं शोधावी लागली की तिसऱ्या महिन्यात बैठक चुकते.

बैठकीचा आराखडा

दिवस पक्का असावा, उदाहरणार्थ दुसरा गुरुवार, साडेसात ते साडेनऊ. पहिल्या पाऊण तासात टेबलावर फक्त सभासदांनी बनवलेली बिअर. एका वेळी एकच बाटली उघडायची, प्रत्येकाला ६० मिली. ३५५ मिलीची बाटली सहा जणांना जेमतेम पुरते, म्हणून वीस माणसं असतील तर बनवणाऱ्यानं चार बाटल्या आणायच्या. सात-आठ बिअरच्या वर जाऊ नका. सात गुणिले साठ म्हणजे ४२० मिली होतात, तरी गाडी चालवणाऱ्यांनी प्रत्येक ग्लासातलं अर्धं ओतून द्यायला टेबलावर रिकामी बरणी ठेवा. कोण किती पितो याची चौकशी करू नये, आणि न पिणाऱ्याला आग्रह तर मुळीच नको. नुसता वास घेऊन उत्तम अभिप्राय देणारी माणसं असतात.

खाणं साधं ठेवा. चिवडा, फरसाण, लसणाची चटणी समोर आली की जीभ तासभर कामातून जाते. बिनमिठाचे कुरमुरे किंवा पावाचे तुकडे आणि पाणी पुरे. मसालेदार जे काही असेल ते नऊनंतर.

अभिप्रायासाठी बीजेसीपीचा गुणतक्ता वापरा. ही परीक्षकांची संस्था १९८५ पासून आहे. एकूण ५० गुणांपैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण ठशाला १०. नवख्याला पूर्ण तक्ता जड जातो. त्याच्याकडून तीनच ओळी लिहून घ्या: वास कसा, घोट गेल्यावर मागे काय उरलं, पुढच्या वेळी एक गोष्ट कोणती बदलावी. ‘मस्त आहे’ एवढंच म्हणून बाटली पुढे सरकवणं हा क्लबमधला सगळ्यात महागडा शिष्टाचार. बनवणाऱ्याला दोष कळत नाही, पुढची बॅचही तशीच होते, आणि वर्षभरानं तो बादली विकून टाकतो.

दोष ओळखायला शिकवा

वर्षातून एक बैठक पूर्ण यासाठी ठेवा. हलकी, फिकी, बाजारात मिळणारी लागर घ्या. ३५५ मिलीच्या प्रत्येक बाटलीत एकच दोष मुद्दाम घाला आणि शेजारी एक शुद्ध बाटली ठेवा.

लोण्याचा वास: बेकिंगचं बटर फ्लेवर ४–५ थेंब. खऱ्या बिअरमध्ये हा डायअसिटिलमुळे येतो, कारण यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत बिअर थंड केली किंवा बाटलीत भरली. उपाय म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस तापमान दोन अंशांनी वाढवणं. भरण्यापूर्वी तपासणीही सोपी आहे: दोन नमुने घ्या, एक झाकून ६०–६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करा आणि दोन्हींचा वास घ्या. तापवलेल्यात लोणी आलं तर अजून थांबा. काही लोकांना हा वास जन्मजात येत नाही, म्हणून निदान दोघांनी हुंगावं.

उकडलेल्या मक्याचा वास: डब्यातल्या मक्याचं पाणी दोन चमचे. हा डायमिथाइल सल्फाइड. पिल्सनर माल्ट वापरून भांडं झाकून उकळलं की वाफेबरोबर जायचं ते परत आत गळतं. झाकण काढा, ९० मिनिटं उकळा, मग झटपट गार करा.

तुरटपणा: पंधरा मिनिटं उकळलेला कोरा चहा १५ मिली. कडवटपणा जिभेवर जाणवतो, तुरटपणानं हिरड्या आणि गाल आवळतात. हा फरक आवळा आणि सुपारी खाल्लेल्यांना लगेच समजतो. माल्टचं साल ७७ अंशांच्या वरच्या पाण्यानं धुतलं किंवा शेवटचं पाणी फार वेळ काढत राहिलात की हे येतं.

लवंगेचा वास: आठ लवंगा ९० मिली बिअरमध्ये रात्रभर भिजवून त्यातलं २० मिली घालायचं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हा हवाच असतो. पेल एलमध्ये आला तर बाहेरचं यीस्ट शिरलंय.

आंबूसपणा: खाण्याचं ८८ टक्के लॅक्टिक आम्ल ०.४ मिली. लायसन्सशिवायच्या पाहुण्याचं, म्हणजे जिवाणूंचं हे काम. बहुतेक वेळा उगम नळीत किंवा नळाच्या फिरकीत सापडतो.

उन्हाचा दोष: हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर दोन तास कडक उन्हात ठेवा. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडून स्कंकच्या वासाचं गंधकयुक्त संयुग तयार होतं. तपकिरी काच वापरायची ती यासाठी.

भिजलेला पुठ्ठा: एक बाटली महिनाभर पोटमाळ्यावर किंवा हीटरजवळ ठेवून द्या. शिळेपणा आणि ऑक्सिजन ही यामागची जोडी. भरताना नळी तळाला टेकवली नाही, बिअर खळखळ पडली, की हॉप्सची बिअर तीन आठवड्यांत अशी होते.

आठ जणांना चारशे प्रश्न पडतील. त्यांची उत्तरं तोंडी देऊ नका, प्रत्येकाला स्वतःच्या घरच्या बॅचपर्यंत माग काढू द्या.

एक वर्ट, चार यीस्ट

क्लबला जिवंत ठेवणारा याहून चांगला उपक्रम आमच्या माहितीत नाही. सगळ्यांनी मिळून एकच वर्ट, म्हणजे माल्टचं अजून न आंबवलेलं गोड पाणी, उकळायचं, प्रत्येक गटानं १९ लिटर घरी न्यायचं, वेगळ्या यीस्टनं आंबवायचं आणि सहा आठवड्यांनी शेजारीशेजारी ठेवून चाखायचं. मे महिन्याचा पहिला शनिवार (बिग ब्रू) किंवा नोव्हेंबरचा पहिला शनिवार (होमब्रू शिकण्याचा दिवस) बरा पडतो, कारण त्या दिवशी देशभर हेच चाललेलं असतं.

सामान: ५७ लिटरची दोन भांडी, दोन प्रोपेन शेगड्या, तळाला जाळी बसवलेले ३८ लिटरचे दोन कूलर, तांब्याची गुंडाळी असलेला चिलर, पंप असला तर उत्तम. शेगडी उघड्यावरच पेटवायची. पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो.

प्रत्येक भांड्यासाठी टू-रो पेल माल्ट ८ किलो, क्रिस्टल-४० माल्ट ७०० ग्रॅम, ६० मिनिटांना मॅग्नम हॉप्स २८ ग्रॅम (आल्फा आम्ल १२ टक्के), शेवटच्या १० मिनिटांना कॅस्केड ५६ ग्रॅम, आच बंद करताना आणखी ५६ ग्रॅम.

कूलरमध्ये २५ लिटर पाणी ७४ अंशांना घ्या आणि माल्ट घालून गुठळ्या मोडा. तापमान ६६–६७ वर स्थिरावलं पाहिजे. ७० च्या वर राहिलं तर बिअर जड आणि गोडसर होते, ६४ ला उतरलं तर कोरडी. तासाभरानं पातळ काढून घ्या, ७६ अंशांच्या पाण्यानं माल्ट धुवा आणि भांड्यात ४६ लिटर जमा करा. उकळी फुटताना भांड्यापाशी माणूस उभाच हवा. फेस काठाला आला की दहा सेकंदांत उतू जातो, आणि चिकट साखर शेगडीच्या भोकांत गेली की तो दिवस साफसफाईचा. साठ मिनिटांच्या उकळीनंतर सुमारे ३८ लिटर उरतं. हायड्रोमीटरवर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट ते, म्हणजे गुरुत्व, दाखवणारी नळी) १.०४८ च्या आसपास यायला हवं. १.०४० च्या खाली आलं तर बहुतेक वेळा दळण जाडं असतं. गिरणीच्या रोलरमधली फट एक मिलिमीटर ठेवा.

इथे एक बारकावा आहे. दोन भांड्यांतलं वर्ट कधीच तंतोतंत सारखं नसतं. म्हणून प्रत्येक फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या बादलीत) अर्धं एका भांड्यातलं आणि अर्धं दुसऱ्यातलं भरा. नाहीतर सहा आठवड्यांनी जो फरक चाखाल तो यीस्टचा की भांड्याचा, हे कळणार नाही.

गार झाल्यावर लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: १९ लिटर पाण्यात ३० मिली स्टार सॅन (आम्लाचं सॅनिटायझर), दोन मिनिटं भिजवायचं, परत धुवायचं नाही, फेस राहिला तरी चालतो. पाणी जड असेल तर द्रावण गढूळ होतं आणि आम्लता उतरते. ते डिस्टिल्ड पाण्यात केलं तर बरेच दिवस टिकतं. पीएच ३ च्या वर गेला की फेकून द्या.

काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बरणी) या दिवशी घरीच राहू दे. १९ लिटर वर्ट म्हणजे वीस किलो, ओल्या हातातून सुटला तर टाके पडतात. झाकणाची प्लास्टिकची बादली आणा. जुलै-ऑगस्टमध्ये नळाचं पाणीच २५ अंशांचं असतं, तेव्हा चिलरनं वर्ट २० ला येत नाही. बादली बर्फाच्या टबात ठेवा आणि यीस्ट त्यानंतरच घाला, पण त्याच संध्याकाळी. आधी दोन-तीन मिनिटं जोरानं हलवून हवा मिसळा.

यीस्ट हे असं वाटा: यूएस-०५ (१८–२० अंश, स्वच्छ चव), एस-०४ (१८ अंश, फळांचा हलका वास), डब्ल्यूबी-०६ (२०–२२ अंश, लवंग), व्हॉस क्वेइक (३५ अंश, संत्र्याची साल). यातलं डब्ल्यूबी-०६ इतर यीस्ट सोडून देतात त्या लांब साखळीच्या शर्कराही फोडून खातं. त्याची नळी आणि नळ वेगळे ठेवा. ते दुसऱ्याच्या बाटल्यांत शिरलं तर महिन्याभरानं बाटल्या फुटतात.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आकडा आला, साधारण १.०१०, तरच भरायला घ्या. १९ लिटरला साधी साखर ११० ग्रॅम, दोन कप पाण्यात उकळून गार करून, आणि बिअर त्यावर हळू सोडायची. २० अंशांना दोन आठवड्यांत गॅस धरतो. साखर डोळ्यांनी मोजू नका, वजनकाटा वापरा.

पुढच्या खेपेला आपल्या घरातल्या जिनसा घ्या. गोज नावाची आंबट-खारट जर्मन बिअर कोकमाला छान जुळते. फक्त आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा कृतीतलं मीठ सगळं काढून टाका. आंबून झालेल्या बिअरचे १०० मिलीचे तीन ग्लास घ्या, त्यात १, २ आणि ३ मिली आगळ घालून चाखा आणि मगच हिशेब लावा. दोन आवडलं तर १९ लिटरला ३८० मिली. गूळ घालायचा असेल तर ४५० ग्रॅमनं १९ लिटरचं गुरुत्व सुमारे नऊ पॉइंट वाढतं, म्हणजे १.०४८ चं १.०५७ होतं. उकळी संपायच्या दहा मिनिटं आधी आच बंद करा, गूळ विरघळवा, मग परत पेटवा. जळता तळ आणि चिकट गूळ एकत्र आले तर करपट वास जात नाही. ज्वारी थेट मॅशमध्ये (कूलरमधल्या माल्ट-पाण्यात) टाकून साखर होत नाही, तिचा पिठूळपणा जास्त तापमानाला उमलतो. आधी वीस मिनिटं लापशीसारखी शिजवा, ६६ ला आणा, मग बार्लीच्या माल्टमध्ये मिसळा. एकूण धान्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत ठेवा.

दुकान वाचवा

क्लब वाढला की कोणीतरी सुचवतंच: घाऊक व्यापाऱ्याकडून माल्टचं पॅलेट मागवू. पॅलेट म्हणजे ५० पौंडांची चाळीस पोती, आणि पोत्यामागे बचत खरोखर होते. पण तेवढा माल्ट क्लबनं घेतला की गावातलं दुकान त्या वर्षी पेल माल्ट विकत नाही, आणि पेल माल्टवरच त्याचं भाडं निघतं. दुकान गेलं की शुक्रवारी संध्याकाळी लागणारं यीस्टचं पाकीट, तुटलेल्या हायड्रोमीटरची बदली आणि नव्या माणसाला क्लबचा पत्ता देणारा काउंटर, तिन्ही जातात. नवे सभासद बहुतेक त्या काउंटरवरूनच येतात.

म्हणून घाऊक खरेदी दुकानामार्फत करा. ऑर्डर आणि पैसे आगाऊ द्या, मालकानं पोत्यामागे ठरलेली रक्कम ठेवावी, पोती त्याच्याच दारातून उचला. त्याला भांडवल गुंतवावं लागत नाही, तुम्हाला बाजारभावापेक्षा स्वस्त पडतं. न दळलेला माल्ट कोरड्या, झाकणबंद डब्यात वर्षभर टिकतो, दळलेला काही आठवडेच, म्हणून दळण हवं तेव्हा दुकानातच करा. हॉप्स निर्वात पाकिटात फ्रीझरमध्ये ठेवा.

पैसे आणि सामान

पंचवीस सभासद असतील तर वर्षाला तीस डॉलर वर्गणी ठेवा, ७५० डॉलर जमतात. त्यातून सॅनिटायझर, गॅस, दोष-चाचणीची बैठक आणि ग्लास भागतात. अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनकडे नोंदणी करून क्लबच्या विम्याची चौकशी आधी करा, कारण उघड्यावरची आच आणि दारू एकत्र आहेत. बँक खातं क्लबच्या नावावर हवं, कोणाच्या वैयक्तिक खात्यात नको. त्यासाठी लागणारा कर क्रमांक आयआरएसकडून फुकट मिळतो. सह्या दोघांच्या.

क्लबच्या मालकीचे पाच-सहा कॉर्नी केग (बिअर भरायच्या स्टीलच्या टाक्या) असू द्या. लावण्याआधी प्रत्येकाच्या झाकणाची आणि दोन्ही पोस्टची (नळ्या जोडायच्या तोंडांची) ओ-रिंग काढून बघा. चीर दिसली की बदला, किंमत नगण्य आहे. केग बंद करून ३० पीएसआय दाब द्या आणि जोडांवर स्टार सॅनचा फेस लावा. बुडबुडे येतात तिथे गळती. ३–४ अंशांच्या बिअरला ११–१२ पीएसआयवर आठवड्यात योग्य गॅस धरतो. फक्त फेसच येत असेल तर दाब कमी करत बसू नका, नळी लांब करा: ३/१६ इंची नळी तीन मीटर. कार्बन डायऑक्साइडच्या पाच पौंडांच्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाब-चाचणी लागते, तारीख त्याच्या खांद्यावर कोरलेली असते. गाडीत तो उभा बांधून न्यायचा आणि उतरवायचा विसरायचा नाही.

नवा माणूस

पहिल्या बैठकीला आलेल्याला त्याच दिवशी विचारा: या किंवा पुढच्या शनिवारी कोण बनवतंय, त्याच्या घरी मदतीला येतोस का? साठ दिवसांत त्याच्या नावाची एक बॅच झाली पाहिजे. क्लबकडे दोन उसने संच ठेवा: बादली, एअरलॉक, नळी, हायड्रोमीटर, बाटलीची बुचं दाबायचं यंत्र. त्याला पहिल्याच दिवशी चारशे डॉलरची यादी दिलीत तर तो दिसणार नाही. पहिली बॅच साध्या पेल एलची, कोरड्या यीस्टची. आंबट किंवा १० टक्के अल्कोहोलची नको, ती बिघडली तर का बिघडली हे समजत नाही.

महाराष्ट्र मंडळातले लोक आले तर जोडीनं बोलवा. स्वयंपाकघर दिवसभर अडणार असतं, आणि नवरा किंवा बायको नुसती बघत बसली तर पुढच्या शनिवारला नकार येतो. मोजमाप आणि तापमानाची वही दुसऱ्याच्या हातात द्या.

कामाची वाटणी

बहुतेक क्लब एका माणसाच्या दमण्यानं संपतात. भांडी त्याच्या गॅरेजमध्ये, पासवर्ड त्याच्या डोक्यात, दुकानदाराची ओळख त्याची. त्याची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली की क्लबही ट्रकबरोबर जातो. चार कामं वेगळी करा: बैठक, खजिना, सामान, नवे सभासद. प्रत्येकाची मुदत एक वर्ष, आणि पहिल्या दिवसापासून सोबत एक उपप्रमुख, जो पुढच्या वर्षी तेच काम घेईल. सामानाची यादी आणि कुठली वस्तू कोणाकडे आहे हे दर तिमाहीला सगळ्यांना पाठवा. डिसेंबरमध्ये किल्ल्या, सही आणि वही प्रत्यक्ष हातात द्यायच्या.

हजेरी पाच-सहावर आली तर दर महिन्याची बैठक रेटू नका. रिकाम्या खुर्च्या नव्या माणसाला आधी दिसतात. दोन महिन्यांतून एकदा, आणि तीही बनवायचीच बैठक ठेवा: एक भांडं, १९ लिटर, दोन वेगळी यीस्ट. वीस मैलांवरच्या दुसऱ्या क्लबला पत्र टाका आणि वर्षातून दोन बैठका एकत्र घ्या. त्यांच्याकडे माणसं असतील आणि भांडी नसतील, किंवा उलट.